शामरावांचा मार्का

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. ऑफिसात बसणाऱ्यांचे चहाबरोबर संपून जातात. माझं ऑफिस म्हणजे मलकापुरातल्या घराची मागची खोली, आणि चहा मीच करतो, मीच पितो. आज तुम्ही सापडलात, तर ऐकाच!

पहिला बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. कंपनी पुण्याची, माझं काम डेटाच्या फायलींचे नियम लिहिण्याचं. फाइलच्या आत नुसते शून्य आणि एक, माणसाला उघडून काही कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगावं लागतं की आत कोणत्या नोंदी आहेत, कोणत्या क्रमाने. हे सक्तीचं. कोणी बनवली, कुठे बनवली, हे ऐच्छिक. या सगळ्याला मेटाडेटा म्हणतात. मी बापूंना हे अर्धा तास समजावलं. त्यांनी जन्मभर जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठींवर नाव-नंबर रंगवले.

ते म्हणाले, "म्हंजे तू मार्का मारून राह्यला! मंग एवढं इंग्रजी काऊन बोलतो बे? मार्का नसला त आतली रुई कोनती, हे कोनाले समजन?"

इतकं नीट आमच्या टीममध्येही कोणाला कळलं नव्हतं. मागच्या वर्षी बापू गेले. आता ते माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर असतात, हार घातलेल्या फोटोत. माझं काम समजणारं गावात कोणी उरलं नाही.

*

गल्लीत मात्र माझा भाव वधारलाय. शेजारच्या काकू कुरिअरवाल्याला सांगतात, "त्याच्याइथंच ठेवून दे, तो दिवसभर रिकामाच राह्यते!"

आधी मी चिडायचो. आता बेल वाजली की धावत जातो. परवा कुरिअरवाला पार्सल दारात ठेवून न बोलताच निघून गेला, तर मला चक्क वाईट वाटलं.

*

रोहिणखेडची आत्या एकदा शेताच्या उताऱ्याचे कागद घेऊन आली. "तू नियम लिहितो ना कंपूटरवर? मंग माहा तहसीलचा अर्ज लिहून दे."

लिहून दिला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. क्लार्कने शेवटच्या ओळीतली गटनंबराची चूक लाल पेनाने दाखवली होती! आत्या भडकली. मला मात्र त्या क्लार्कला जाऊन भेटावंसं वाटलं. माझं लिखाण शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस.

*

आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. एकदा 'नोंद सक्तीची कधी करायची' यावर मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटी विचारलं, "काही शंका?" कोणी काही बोलेना. मग पाहतो तर काय, नेट पाचव्या मिनिटालाच गेलेलं!

घाबरत पुन्हा जोडलं. मीटिंग संपली होती. सरांचा मेसेज येऊन पडला होता, "उत्तम सेशन! सगळं क्लिअर झालं."

*

आता शेवटचा. नियमांबरोबर फाइलचा एक नमुना द्यावा लागतो. बापू गेले त्या महिन्यात मी तो लिहीत होतो. ऐच्छिक जागेत काहीतरी भरायचं, म्हणून त्यांचं नाव घातलं, "मार्का मारणारे: शामराव, मलकापूर." म्हटलं, कोण वाचतंय!

वाचलं कोणीच नाही. कॉपी मात्र सगळ्यांनी केलं.

परवा मीटिंगमध्ये सर कडाडले, "आपल्या प्रत्येक फाइलवर या माणसाचं नाव आहे! कोण हे शामराव? कुठल्या टीमचे?"

काढा म्हणाले तर काढावंच लागणार. आणि मला ते नाव काढायचं नव्हतं. वर्षभर ते रोज कुठे ना कुठे जात होतं, कोणीतरी ती फाइल उघडत होतं.

टीममध्ये नवीनच आलेली नंदिनी म्हणाली, "सर, मी शोधलं. स्टाफच्या यादीत ते नाहीत."

"मग असतील तिथून बोलवा त्यांना मीटिंगला!" सर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

मी पहिल्यांदाच कॅमेरा सुरू केला आणि खुर्ची भिंतीपुढून बाजूला सरकवली.

नंदिनीचा कॅमेरा सुरू झाला.

"नमस्कार, काका," ती म्हणाली.