बायकांची रांग

इंदुअक्का उभ्यानं भांडत नसत. कुणी तावातावानं दारात आला की त्या आधी पाट सरकवत. "भांडायचंय ना? मग बसा. उभ्यानं भांडण अर्धंच होतंय." बसलेल्या माणसाचा आवाज निम्म्यानं उतरतो, हे मी त्यांच्याच ओसरीवर पाहिलं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बदलीवर तिथं गेलो आणि गंजाजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, गल्लीत त्यांचा शेजारी झालो. अक्का मूळच्या उदगीरच्या, लिंगायत. नवऱ्याचं डाळींचं दुकान. गल्लीत कुणी बायकोवर हात टाकला की अक्का तिथं हजर. गळ्यातल्या लिंगाला हात लावून विचारायच्या, "हे बांधताना गुरूनं बाई-गडी बघितलं न्हाई. तुम्ही कोण बघणारे?"

दुष्काळात गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. घरं बेचाळीस, घरटी चार घागरी. पण गडी मुसंडी मारून पुढं घुसत आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन परतत. एकदा धक्काबुक्कीत एक गरोदर पोर पडली. पुढच्या खेपेला अक्का टँकरच्या चाकासमोर बसल्या.

"आजपासून पाणी बायकाच भरतील."

"मग आम्हाला बांगड्याबी द्या, अक्का!" कुणीतरी ओरडलं.

"देते की. पण बांगडीच्या हातानं घागर उचलावी लागते. जमंल का?"

नियम चालला, भांडणं थांबली. घरोघरची यादी मी केली : पुरुष किती, स्त्रिया किती.

तिसऱ्या आठवड्यात दिगंबर रांगेत उभा राहिला. हा छापखान्यात खिळे जुळवायचा. अर्धापूरकडचा, बायको वारलेली, स्वभावानं अबोल. बायका हसल्या. "कामून, लुगडं नेसायचं विसरलाव का?"

"अक्का, घरात भरणारं कुणी न्हाई," तो म्हणाला.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी यादी बघून सांगितलं, "स्त्री एक."

"मग तिला पाठव. एकाला सोडलं तर उद्या दहा येतील."

दिगंबर घागर घेऊन वळला. ती एक स्त्री म्हणजे त्याची अंथरुणाला खिळलेली आई होती. यादीत वयाचा रकाना मी ठेवला नव्हता. घरातही शिरलो नव्हतो, दारातूनच विचारून आकडा लिहिला होता.

त्यानंतर तो सायकलवर घागरी बांधून तीन कोसांवरच्या विहिरीला जाऊ लागला. एका दुपारी परतला तेव्हा म्हातारी खाटेवरून खाली पडलेली होती. गेलेली होती.

हे कळल्यावर अक्कांनी स्वतः घागरी भरून त्याच्या दारात नेल्या. मी सोबत होतो. दिगंबरनं एकच आत घेतली. "आता एवढी लई झाली, अक्का."

अक्कांनी नियम बदलला : घरातलं कुणीही भरेल, पण घराच्या नंबरानं. बायका चिडल्या. "गडी परत माजतील, अक्का!" गड्यांना तर उकळ्या फुटल्या. "बघा, खरा अन्याय गड्यांवरच होतोय! हीच का तुमची समानता?"

"अन्याय मी केला," अक्का म्हणाल्या. "त्या म्हातारीच्या मढ्यावर उभं राहून बायकांना मागं ढकलायचं न्हाई. त्या दिवशी त्याच्यासाठी तुमच्यातला कोण बोलला?"

कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही.

पुढं अक्का गल्लीतल्या भांडणांत पडत, पण पहिल्यासारखा झटकन निकाल देत नसत. म्हणायच्या, "आधी आत जाऊन बघू." नवरा गेल्यावर त्या नांदेडला मुलाकडं राहायला गेल्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. इतकी वर्षं मनात ठेवलेलं सांगून टाकलं, "अक्का, चूक यादीत होती. आणि यादी माझी होती."



"यादी तुमची होती हो," त्या म्हणाल्या. "पण माणूस माझ्यासमोर उभा होता."

महिन्याभरात त्या गेल्या.