धुराची शेपटी

सहदेव तांडेल म्हणजे फटकळ तोंडाचा माणूस. पण धुराच्या बाबतीत त्याच्यापुढे शहाणपण करायची मालवणच्या किनाऱ्यावर कुणाची टाप नव्हती.

त्याला कारण घडलं एका चैत्रात. सकाळी धामापूरच्या तळ्यावर धूर दाटला आणि जंगलखात्याचा गार्ड माणसं जमवून वणवा विझवायला तिकडे निघाला. होडी नुकतीच किनाऱ्याला लावलेल्या सहदेवाने त्याला अडवलं. "गार्डसायब, थंय धुराची नुसती शेपटी आसा. तोंड वर घाटात आसा. सकाळचो वारो डोंगरातलो धूर खाली आणता."

"समुद्रातल्या माणसाला डोंगरातलं काय कळणार?" गार्ड म्हणाला.

सहदेव भडकला. "डोंगरात बसान डोंगर दिसता काय? माझ्या होडयेतसून अख्खी रांग दिसता!"

गार्ड धामापूरला गेलाच. तिथे एक पानही जळलं नव्हतं. दुपारी निरोप आला, आग घाटातच होती. तेव्हापासून वणव्याच्या दिवसांत होडी लागायच्या वेळेला गार्ड आग कुठे ते विचारायला वाळूत उभा असायचा.

पुढे एकोणीसशे साठ साल उलटल्यावर शाळेतल्या हरिश्चंद्र मास्तरांनी किनाऱ्यावर पेपर वाचून दाखवला. अमेरिकेचा उपग्रह आभाळातून ढगांचे फोटो काढत होता. "उद्या वणव्याचा धूर कुठून कुठे गेला, तेही वरून दिसेल," मास्तर म्हणाले.

सगळे आ वासून ऐकत होते. सहदेवाने जाळ्याची गाठ दातांनी आवळली.

"बरा झाला," तो म्हणाला. "एवढे शिकलेले लोक, पण शेवटाक तेंकाव लांब जावनच बघूचा लागला मां!"