नानांच्या सायकलीतलं पाणी

अकराव्या दिवशी सकाळी मी नानांच्या सायकलीत पाणी भरलं. सायकलीवर पाणी पडतं, कधी सायकलच पाण्यात पडते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती वरून नुसती ओलसर आणि आतून गच्च भरायची, हे मला जमलं. त्यातून मी देवासच्या एका शाळेत सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आणि द्रवाचा दाब हा माझा खास आवडीचा धडा आहे.

नाना म्हणजे माझे वडील. धारला एकटे राहायचे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी झोपेतच गेले. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं. उत्तर बरोबर आलं. त्यानंतर मला काही होतच नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, गुरुजी सांगतील तिकडे तोंड करून बसत होतो. भेटायला येणारे पाठीवर हात ठेवून मोकळा हो म्हणायचे, आणि मी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारायचो. सुतकाच्या घरी चहा विचारायचा नसतो, हे आत्याने मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने सांगायचं सोडून दिलं.

आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण, कन्नौदहून आलेली. दहावा झाला तशी तिने पदर खोचला आणि जाहीर केलं की नानांचा हात लागलेली घरातली प्रत्येक वस्तू पाण्यातून निघाली पाहिजे. गादीची खोळ निघाली, पडदे निघाले, चष्म्याचं घर निघालं. रेडिओ तेवढा मी कपाटावर लपवला. मग तिची नजर अंगणातल्या सायकलीवर गेली.

त्या सायकलीचं एक वेगळं होतं. दिवाळीला मी धारला गेलो होतो तेव्हा नानांनी पानावर बसल्या बसल्या सांगून ठेवलं होतं, "माझ्या तेराव्याला ते पलंग-बिलंग काही देऊ नका. सायकल गुरुजींना द्या. पण नीट करून द्या, आहे तशी नको." गुरुजी तिरल्याच्या पलीकडच्या एका गावातून धारला येतात, चार घरच्या पूजा करतात आणि त्यांचा अर्धा दिवस गाडीची वाट बघण्यात जातो. मी हो म्हटलं आणि आणखी एक पुरी घेतली. नानांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. नीट करून काय द्यायची, असं मात्र मनात आलं. सायकल तर नीटच होती. शाळेत आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की आमचे वडील ह्या वयात सायकल चालवतात. कुणाच्या गुडघ्याचा विषय निघाला की मी नानांची सायकल मध्ये आणायचो. लोक कंटाळले होते. मी नव्हतो कंटाळलो.

तर सायकल धुवायची. आता ह्या कामात मी किती काळजी घेतली ते बघा. सीट चामड्याची, जुनी. चामडं भिजलं की आकसतं, हे मला ठाऊक. म्हणून मी पाना आणून सीट तिच्या दांड्यासकट उपसून काढली, फडक्यात गुंडाळली आणि ओट्यावर सावलीत ठेवली. सीटखाली कोळ्याचं जाळं होतं, ते हळूच पुसून काढलं. आणि मग सीट काढल्यामुळे उघडी पडलेली ती उभी नळी, तिच्या बरोब्बर वर पाइप धरून सावकाश, मन लावून सायकल धुतली. मन म्हणजे काय, ते तिथे नव्हतंच. पाणी कुठे जातंय हे मला दिसत होतं. जातंय तर जातंय, एवढंच वाटलं. नळी भरून पाणी वर आलं तेव्हा मी नळ बंद केला.

आत्या गडू घेऊन आली आणि तिने हँडलवर गंगाजल शिंपडलं. मी तिला सांगितलं की आत पाणी गेलंय. तिने सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. आतूनसुद्धा शुद्ध झाली."

सायकल ढकलली की आतून आवाज यायचा. डुबुक. थांबवली की पुन्हा एकदा, उशिरा. अर्धा भरलेला माठ कडेवर घेऊन कुणी चालतंय तसा. तेराव्याला दोन दिवस होते, आणि गुरुजींना मी ही अशी सायकल देणार होतो. आतून गंजून वर्षभरात मोडली असती, तीही बहुधा तिरल्याच्या रस्त्यावर, गुरुजी वर बसलेले असताना.

मी ती उलटी केली. नळीतून भसकन पाणी माझ्या पायांवर आलं. आवाज मात्र राहिला. उलटी केली की उरलेलं पाणी पुढच्या तिरक्या दांड्यात पळायचं, सुलटी केली की पायडलांच्या मधल्या गोल डब्यात परत यायचं. डावीकडे आडवी, उजवीकडे आडवी, पुढचं चाक वर, मागचं चाक वर, सगळं केलं. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. बाप गेलेला माणूस अंगणात सायकलीशी कुस्ती खेळतोय, हे त्यांनी कसं समजून घेतलं कोण जाणे. मी देवासला आमच्या शाळेतल्या दुसऱ्या विज्ञानशिक्षकाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने म्हणाला, "सर, ये चैप्टर तो आप पढ़ाते हो."

मग मी केस वाळवायचं यंत्र शेजारून मागून आणलं आणि नळीच्या तोंडाशी तासभर धरून बसलो. गरम हवा आत जायची आणि तशीच परत तोंडावर यायची. खरं सांगायचं तर त्या तासात मला बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच मला नक्की ठाऊक होतं की काय बिघडलंय आणि कुठे बिघडलंय.

बाराव्या दिवशी हार मानून सायकल बाजारातल्या मिस्त्रीकडे नेली. ढकलत, डुबुक डुबुक करत. हा मिस्त्री म्हणजे साठीचा माणूस, नानांची सायकल कायम त्याच्याकडेच. मला तो ओळखत नव्हता, सायकलीला ओळखलं. नाना, त्याचे बाबूजी, गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने माझं ऐकून घेतलं: सुतक, आत्या, चामड्याची सीट, पाइप. तो हसला नाही. सायकल आडवी घातली, पायडलांच्या पिना हातोडीने ठोकून काढल्या आणि त्या गोल डब्याची एका बाजूची वाटी फिरवायला घेतली. वाटी फिरेना. रॉकेल सोडलं, पाना लावला, पान्यावर पाय दिला. शेवटी ती करकरत सुटली.

खाली त्याने पंक्चर बघायचं घमेलं धरलं होतं. आधी माझं पाणी आलं, नळाचं, स्वच्छ. मग तांबडं आलं. मग चहाच्या गाळासारखं, घट्ट, गंजाचे पापुद्रे घेऊन, थांबत थांबत आलं. आतल्या लोखंडी गोळ्या, छर्रे, त्यात विरघळायचेच बाकी होते. मिस्त्रीने दोन बोटं त्यात बुडवून अंगठ्यावर घासली.

"यो सगळो आपको पाणी नी है, भिया," तो म्हणाला. "आप को तो ऊपर-ऊपर को. यो दो बरसात को है."

मी म्हटलं असं कसं, सायकल तर ओट्यावर असते, छपराखाली. लहानपणापासून तिथेच बघितलेली. तेव्हा त्याने फडक्याला हात पुसत पुसत सगळं सांगितलं, आपल्या त्या हिंदी-माळवीत, सावकाश. बाबूजी दर दसऱ्याला सायकल खोलून घ्यायला यायचे. गेली दोन वर्षं नाही आले. दोन पायऱ्या चढवून सायकल ओट्यावर घेणं त्यांना होईना, म्हणून ती अंगणातच राहायची, पावसातसुद्धा. त्याने एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हटलंही होतं की बाबूजी, आतमध्ये पाणी वाजतंय, खोलून घेऊ या. तर म्हणाले, राहू दे, मी कुठे बसतोय.

मला कळलं नाही. मी विचारलं, बसतोय म्हणजे?

"बैठता कां था, भिया," तो म्हणाला. "दो साल से पकड़ के चालता था. लाठी लेने में उनको शरम आती थी."

मी घमेल्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. काही होईल म्हणून मी थोडा वेळ थांबलोही. दर दुसऱ्या रविवारी मी धारला यायचो, निघताना विचारायचो, सायकल चालू आहे ना, आणि ते म्हणायचे, चालू आहे. सीटखालचं कोळ्याचं जाळं मी माझ्या हाताने पुसलं होतं. टायरवरची नक्षी नव्यासारखी होती, तीही मी धुताना बघितली होती. सायकल ओट्यावर नाही, अंगणात उभी असते, हेही दोन वर्षं डोळ्यांसमोर होतं. विद्यार्थ्यांना मी सांगत असतो की आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा.

मिस्त्रीने नळ्यांमध्ये गाडीचं जळकं तेल ओतलं, सायकल चारी बाजूंनी फिरवून ते निथळून घेतलं, नवा एक्सल आणि नवे छर्रे घातले. शेवटी त्या डब्याच्या तळाला ड्रिलने एक बारीक भोक पाडलं. ह्यापुढे पाणी गेलं तर आपणहून खाली येईल, म्हणाला. भौतिकशास्त्राच्या मास्तरला हे सुचलं नव्हतं. दांडे हातोडीने वाजवून बघितले आणि म्हणाला, चांगलं लोखंड आहे, माणूस बसेल.

तिथून घरापर्यंत मी बसून जाऊ शकलो असतो. नाही बसलो. हँडल धरून चाललो. हातांवर भार टाकता येतो, गुडघ्यांवर तो येत नाही. रस्त्याने कुणी विचारत नाही की काय झालं. सायकल धरून चालणारा माणूस आत्ताच उतरलाय किंवा आत्ता बसणार आहे, असंच सगळ्यांना वाटतं. आवाज बंद झाला होता. मला दोन-तीनदा वाटलं, आता येईल.

तेराव्याला गुरुजींना सायकल दिली. हँडलला हळद-कुंकू, सीटवर पंचा, उदक सोडून, रीतसर. आत्या मागे उभी होती. तिला मी मिस्त्रीचं बोलणं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी तिचा भाऊ शेवटपर्यंत सायकल चालवत होता. गुरुजींना मी बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तळाला भोक आहे, तेलाचे थेंब पडतील, धोतर सांभाळा. आणि न राहवून विचारलं की तुम्हाला ठाऊक होतं का, नाना बसत नव्हते ते.

गुरुजी पंचा खांद्यावर घेत म्हणाले, "सगळ्या धारला ठाऊक होतं. मलाच म्हणाले होते, गुरुजी, धरून चालायला बरी आहे, बसायला कशी आहे ते तुम्ही सांगा."

मग त्यांनी धोतराचा काचा वर खोचला, पायडलवर पाय ठेवून दोन उड्या मारल्या आणि बसले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे एका म्हशीला वाट दिली, वळले आणि परत आले. अंगणाच्या फाटकाशी एक पाय टेकवून थांबले आणि मला म्हणाले, "बरी आहे बसायला."

हे त्यांनी मला नव्हतं सांगितलं, ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगितलं असावं. मी मान हलवली. ते तिरल्याच्या रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले. फाटकापाशी तेलाचे दोन काळे थेंब पडले होते.

पानं मांडली होती. आत्या हाक मारायला आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "हात असे काय धरलेत रे पुढे?"

मी हात खाली घेतले आणि जेवायला गेलो.