बटण, बटण, बटण

एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी सहा वर्षं मोबाइलवर सदर लिहीत होते. नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर, सदर हौसेचं. कुठला फोन आला, कुठल्या ॲपमध्ये काय बदललं, कुठली सोय कुठल्या सेटिंगमध्ये दडली आहे, एवढंच त्यात असायचं. त्यासाठी सकाळी चहा गाळायच्या आधी मी फीड रीडर उघडायची. आपण निवडलेल्या साइटींवर नवीन काही आलं की त्याचे मथळे एका यादीत आणून ठेवणारं हे ॲप. माझ्या यादीत साठेक साइटी होत्या. मधे कुणी दलाल नाही, आपण मागितलं तेच येणार आणि ज्या क्रमानं छापलं त्याच क्रमानं येणार. सोलापुरात बसून आपण जगाच्या बरोबरीनं चालतो, याचा मला चांगलाच अभिमान होता. त्या अभिमानाचं काय झालं ते सांगायचं आहे, आणि सांगताना आजही माझा आवाज चढतो.

पुरवणीच्या ऑफिसातून माझा नंबर मिळवून एका गृहस्थांनी फोन केला. आवाज स्वच्छ, शब्द सुटे सुटे.

"भवानी पेठेतनं बोलतोय. सूतगिरणीत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता रिटायर झालोय. मला दिसत नाही, लहानपणापासनं. तुमचं सदर शेजारचे वाचून दाखवतेत, पण मधलं मधलं गाळतेत. मला सोता वाचायचंय. जमतंय का बघा की."

मी पुढच्या सुट्टीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, "रा अम्मा, कूर्चो" म्हणत स्टूल पुढे केला. घरात तेलुगू चालायचं. पत्नीला मराठी बोलता येई, वाचता कुठलीच भाषा येत नव्हती. त्यामुळे घरात पेपर येऊनही तो शेजारच्यांच्या सवडीवर अवलंबून असायचा.

मी त्या गृहस्थांच्या, म्हणजे काकांच्या, फोनमधला बोलणारा वाचक सुरू करून दिला. स्क्रीनवर जिथे बोट टेकवाल तिथे काय आहे ते तो बोलून सांगतो. मग फीड रीडर टाकला, तोच, जो मी वापरायची. पंधरा दिवसांत त्यांनी मला मागे टाकलं. चाळीस वर्षं कानांनी काम केलेला माणूस. वाचकाचा वेग त्यांनी इतका वाढवला की मला नुसती किणकिण ऐकू यायची आणि ते बातमीचा शेवट सांगून मोकळे व्हायचे. मराठी पेपर, दोन तेलुगू पेपर, कापडबाजाराच्या बातम्या, आणि सगळ्यात वर आमच्या गावच्या पाण्याची बातमी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कुठल्या भागाला कधी आणि वेळ बदलली का, हे ज्याला आधी कळेल तो आळीत मोठा. काका आळीत मोठे झाले. सकाळी मागावर जाणारी माणसं त्यांच्या दारात थांबून विचारायची, "काय म्हणतंय आज?"

मला ते एकदा म्हणाले, "ताई, जन्मभर पेपर शिळा मिळाला. आता पैल्यांदा मी दुसऱ्याला वाचून दाखवायलोय."

हे सुमारे वर्षभर चाललं.

मग त्या ॲपचं नवं रूप आलं. माझ्या यादीतल्या साइटींवर दोन दिवस तेच. स्वच्छ, मोकळं, देखणं. शब्दांची गर्दी काढून नुसती चिन्हं ठेवली. तुमची आवड ओळखून बातम्या आपोआप निवडून देतं. मी माझ्या फोनवर अपडेट करून पाच-दहा मिनिटं बोट फिरवलं. दिसायला खरंच छान होतं. मी रविवारी लिहिलं, 'इतकं देखणं फीड रीडर आजवर पाहिलं नाही.' हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्याकडून लिहवून घेतलं नव्हतं.

सोमवारी काकांचा फोन आला.

"ताई, तुमचं सदर वाचून दाखवलं शेजारच्यांनी. लई देखणं झालंय म्हणे."

"हो काका. का, काय झालं?"

"मला नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतंय."

मला आधी कळलंच नाही. संध्याकाळी मी गेले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला नाही, स्वतःच बोट फिरवून ऐकवलं. बटण. बटण. बटण. शब्द काढून चिन्हं ठेवताना त्या प्रत्येक चिन्हाच्या पाठीशी जे नाव लिहावं लागतं, ते कुणी लिहिलंच नव्हतं. पाहणाऱ्याला भिंग दिसत होतं, घंटा दिसत होती. बोलणाऱ्या वाचकाला काहीच सापडत नव्हतं. त्यांची स्वतःची यादीही गेली होती. म्हणजे होती, पण तीन बटणांच्या आत. वर ॲपनं त्यांच्या आवडीचं म्हणून जे काढलं होतं त्यात क्रिकेट, नट्यांची लग्नं आणि कुठल्याशा शहरातली वाहतूक कोंडी.

"पाण्याचं कळलं नाही मला," ते म्हणाले. "वेळ बदलली होती. हिनं शेजारनं चार घागरी आणल्या."

स्वयंपाकघरात मोकळी पिंपं दिसत होती. मी तिथेच डोळे मिटून ते ॲप वापरून पाहिलं. साध्या एका बातमीपर्यंत पोचायला मला इतका वेळ लागला की काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, दमाल." रविवारी लिहिण्याआधी हे पाच मिनिटांचं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. या माणसाला हे ॲप मीच शिकवलं, हे लिहिताना मला आठवलंही नव्हतं.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसाचं नसणार. आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार. पुन्हा लिहिलं. चार दिवसांनी दुसरं उत्तर: अडचण नीट समजण्यासाठी कृपया स्क्रीनचा फोटो पाठवा आणि अडचणीच्या जागेभोवती लाल गोल काढा.

मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना इचारा, लाल कसा असतोय. ते सांगा म्हणावं आधी. मग काढतो गोल."

त्यांना हसू आलं होतं. मला येत नव्हतं. मी सविस्तर तिसरं पत्र लिहिलं, कुठल्या पानावर कुठली बटणं मुकी आहेत याच्या तपशिलासह. त्यावर आलेलं उत्तर पहिल्याच उत्तरासारखं होतं, अक्षर न बदलता.

मग मी माझ्या त्या साठ साइटी पालथ्या घातल्या. कुणीतरी लिहिलं असेल, एक ओळ तरी असेल. दुमडणाऱ्या फोनच्या बिजागरीवर लेखच्या लेख होते. एका फोनच्या पाठीचा रंग अमुक छटेचा आहे की तमुक, यावर दोन साइटींचं भांडण चालू होतं. मुक्या बटणांवर एक अक्षर नाही. सहा वर्षं रोज सकाळी मी हे वाचत होते आणि याला जगाच्या बरोबरीनं चालणं म्हणत होते.

या सगळ्यात महिना गेला. मग पुढच्या रविवारसाठी मी सगळं लिहिलं. काकांचं नाव न घेता, पण पाणी, घागरी, लाल गोल, सगळं. आणि महिन्यापूर्वी मी न तपासता कौतुक केलं, ही माझी चूक आहे, हेही. रविवारी पुरवणी उघडली तर लेखाच्या चार ओळी उरल्या होत्या. मथळा होता, 'नव्या रूपात किरकोळ त्रुटी'. उरलेल्या जागेत एका नव्या फोनचा भला मोठा फोटो. माझी चूक कापली होती, माणूस कापला होता, पाणीही कापलं होतं. वर माझं नाव तेवढं जसंच्या तसं.

सोमवारी ग्रंथालयातून अर्धी रजा काढून मी पुरवणीच्या संपादकांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला.

"मॅडम, पुरवणी आहे ही. लोकांना कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, ते हवं असतं. तुम्ही एकदम तक्रारनामाच दिला."

"चुकीची माहिती छापली गेली होती. ती दुरुस्त करायची होती."

"केली की. त्रुटी आहेत असं छापलं ना?"

"किरकोळ कुणी ठरवलं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता बघा, आपला पेपर आंधळी माणसं किती वाचतात?"

"एक तरी वाचत होता," मी म्हणाले. "रोज. तुमच्या पाण्याच्या बातमीसाठी. गेला महिनाभर वाचू शकत नाही."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, पूर्ण मजकूर छापा, नाहीतर इथून पुढे माझं नाव छापू नका. त्यांनी दुसरा पर्याय घेतला, आणि घेताना त्यांना फारसं जड गेलं असं दिसलं नाही. पुढच्या रविवारपासून त्या जागी पाककृती आल्या. चहा मी तसाच ठेवून आले होते. रागाच्या भरात केलेल्या एवढ्या एका गोष्टीचं मला जरा वाईट वाटतं, कारण चहा आणणाऱ्या बाईंनी तो नंतर ओतून टाकला असणार.

घरी आले तेव्हा मला वाटत होतं, मी लढले. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "सदर सोडलं व्हय? मग आता आमी काय वाचायचं?" माझ्या रागानं त्यांचं एकही बटण बोलायला लागलं नव्हतं.

खरं काम त्यांनीच केलं, आणि त्यांच्या पद्धतीनं. ऑपरेटरला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे कुठल्याही मोठ्या कचेरीत फोन कुणाकडे जोडून मागायचा. राज्यभरातल्या अंध ऑपरेटरांशी त्यांचा अजून संबंध होता. महिनाभर त्यांनी एकेकाला फोन लावले. तू काय वापरतोस, त्यात बटणं बोलतात का, ते कुणी बनवलंय. असं करता करता एका छोट्या फीड रीडरचा पत्ता लागला. परराज्यातली एक बाई नोकरी सांभाळून एकटीच तो बनवत होती. त्यातली काही बटणं बोलत होती, काही मुकी होती. काकांनी तिला फोनमध्ये बोलून पत्र लिहिलं, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मी दुरुस्त करू का विचारलं तर नको म्हणाले.

आठवड्याच्या आत तिचं उत्तर आलं, तीन ओळींचं: माफ करा, मला माहीत नव्हतं. नावं घातली आहेत. एकदा ऐकून सांगता का?

काकांनी ऐकून सांगितलं. दोन बटणं राहिली होती, तीही तिनं केली. आमच्या जुन्या ॲपमधून त्यांची यादी बाहेर काढायचं काम तेवढं मी केलं. ती सोय कंपनीनं सेटिंगच्या इतक्या तळाशी नेऊन ठेवली होती की डोळे असून मला तासभर लागला. यादी नव्या ॲपमध्ये गेली आणि काकांनी पहिलं पाण्याचंच ऐकलं. दोन दिवसांनी मी सहज गेले, तर दारात नेहमीची चार माणसं उभी होती आणि काका त्यांना उद्याची वेळ सांगत होते. आता ती बाई प्रत्येक नवी आवृत्ती आधी काकांकडे पाठवते. ते तिला बारीकसारीक काढून देतात. "ह्ये बटण दोनदा बोलायलंय," असं काहीतरी.

सदर मी पुन्हा सुरू केलं नाही. ग्रंथालयात महिन्यातून एका शनिवारी ज्यांना दिसत नाही त्यांना फोन शिकवते. कॉलेजनं खोली दिली आहे, पंखा एकच आहे. फीड रीडर मी अजूनही रोज सकाळी वाचते, पण साठातल्या चाळीस साइटी काढून टाकल्या.

गेल्या महिन्यात उरलेल्यांपैकीच एका साइटीवर बातमी होती. त्या मोठ्या कंपनीच्या नव्या रूपाला उत्तम रचनेचं पारितोषिक मिळालं होतं. परीक्षकांनी 'सर्वांसाठी सोपं' असं म्हटलं होतं. मी ते दोनदा वाचलं. काकांना सांगावं की नाही ठरेना, तोवर त्यांचाच फोन आला. त्यांनी माझ्या आधी वाचलं होतं.

"ताई, मला त्या परीक्षकांना पत्र लिहायचंय."

"मी लिहून देऊ?"

"नको. तुमी चिडून लिहिता. मी लिहितो. तुमी फकस्त पत्ता हुडकून द्या."

मी पत्ता शोधून दिला. त्यांनी पत्र पाठवलं. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही.