पेटीची पूजा

दसऱ्याला आमच्या घरी कशाची म्हणून पूजा राहत नाही. शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू. मग गच्चीवरच्या माझ्या मधमाशांच्या पेटीनंच काय घोडं मारलं होतं?

पेटी एकच, आणि तिच्यातल्या माशा तिसऱ्या खेपेच्या. पहिल्या दोन खेपांच्या नांदेडच्या उन्हाळ्याला कंटाळून निघून गेल्या. ह्या मी हिमायतनगरजवळच्या माहेरच्या शेतातून, विहिरीच्या कपारीतून काढून, पेटी मांडीवर घेऊन जीपमधून आणलेल्या. तेव्हाच ह्यांनी बजावलं होतं, "आता पळाल्या की संपला खेळ. पेटीत मी कोंबडीची पिल्लं ठेवतो."

"ठेवून तर बघा!" मी म्हटलं. पण आतून धाकधूक होतीच. पुन्हा माहेरी जाऊन माशा मागायला मला तोंड नव्हतं.

तर दसऱ्याला पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तिथंच थांबायचं ना! पण नाही, आम्हाला लई हौस. माशांच्या दाराशीच ढीगभर कापूर पेटवून मी आरती ओवाळली.

आतून असा घोंघाट उठला की मी तबक घेऊन दोन पावलं मागं सरले. धुरानं आणि कापराच्या वासानं माशा भडाभडा बाहेर! अगं बाई, गच्चीवर नुसत्या माशाच माशा. मग सगळ्या भिंतीपल्याड गेल्या आणि आपांच्या शेवग्यावर त्यांचा भलामोठा घोस लोंबकळला.

आपा आमच्या शेजारीण, त्यांचं बांगड्यांचं दुकान. गल्लीतले एक काका काठीला चिंध्या गुंडाळून पेटवायला निघाले, तर आपा अंगणात आडव्या उभ्या राहिल्या. "हात नको लगाओ! भाभी की मख्खियां हैं ये!"

मी तोवर शिडी लावलीसुद्धा. टोपलीला आतून गूळ चोळला, तोंडावर आपांची ओढणी घेतली. हे खाली हाताची घडी घालून उभे. "बघता काय?" मी वरूनच ओरडले. "पेटी धुवा! कापराचा वास जरा जरी राहिला तर ह्या आत टिकणार न्हाईत!"

आणि काय सांगू, हा माणूस पळाला! गरम पाण्यानं पेटी घासली, पुसली, उन्हात धरली. आपांनी कुंडीतला गवती चहा तोडून दिला, तो ह्यांनी आतून चोळला. त्या वासाला माशा येतात हे मी कधीतरी सांगितलेलं ह्यांच्या ध्यानात होतं!

मी फांदीला हिसका दिला. घोस धप्पकन टोपलीत. अंगठ्याला एक डंख बसला, पण लक्ष कुणाचं? मी राणी शोधत होते. ती असेल तिथंच बाकीच्या राहतात. आणि लांब पोटाची ती बया दिसली! "दिसली, दिसली!" मी अशी किंचाळले की काकांच्या हातातली काठीच पडली.

राणीसकट सगळ्या पेटीत घातल्या. आता राहतात की जातात? माशा पायांना फुलांचे पिवळे कण लावून यायला लागल्या की समजायचं, त्यांनी घर धरलं. दोन दिवस एकही पिवळा पाय दिसला नाही. हे तर तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं दिवसातून चारदा वर. तुळस कुजायची बाकी होती.

तिसऱ्या सकाळी गच्चीवरून हाक आली, "अगं ये लवकर! पिवळं घेऊन येऊन राहिल्या!"

कणकेच्या हातांनीच मी धावले. हे पेटीसमोर मांडी घालून बसलेले, एक गाल डंखानं टम्म सुजलेला, आणि हसू मावत नव्हतं. मला रडूच फुटलं. डोळे पुसत विचारलं, "आणि तुमची कोंबडीची पिल्लं?"

"हळू बोल की," हे कुजबुजले. "ऐकतील ना त्या."