टाचण्या आहेत, आत जाऊ नये

गेल्या रविवारी आमच्या बाणेरच्या सोसायटीत माझ्या एका शब्दाने नुसती धमाल उडवून दिली...

पार्किंगच्या मागे एक ओढा आहे. वर्क फ्रॉम होममध्ये डोकं पिकलं की मी तिथे जाऊन उभी राहते. तिथेच मला ती दिसली... टाचणी. म्हणजे एक उडता कीटक, चतुराची नाजूक बहीण म्हणा हवं तर.

काय रूप हो! काडीएवढं अंग, आणि तोंड असं केशरी की जणू हळदीकुंकवात बुडवून काढलंय. पाठ काळी, कडांना निळाई, शेपटीच्या टोकाला पुन्हा झगझगीत निळा रंग. (हा थाट नराचा हं, मादी जरा साधी.) चतुर पंख पसरून बसतो, ही मात्र पंख मिटून, पाण्यावर वाकलेल्या गवताच्या पात्यावर. जोड्या पाण्यातल्या देठांत अंडी घालत होत्या... कानात ऑफिसचा कॉल चालू होता, कोण काय बोललं देव जाणे.

आणि शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज... डास वाढलेत, उद्या ओढ्याकाठचं सगळं गवत मशीनने कापणार. गवत गेलं की त्यांचं घरच गेलं! घाईघाईत लिहिलं, "प्लीज तिथे कापू नका. टाचण्या आहेत, खूप!"

चेअरमन गोगटे काकांचं लगेच उत्तर, "अहो, ओढा आहे की स्टेशनरीचं दुकान?" पाठोपाठ आयांनी मुलांना मागे जायला बंदी केली. मी खुलासा लिहिला, पण तो गुड नाइटच्या फुलांखाली कुठल्या कुठे गेला.

सकाळी धावतच खाली गेले. मशीन पुढच्या लॉनवर चालू होतं. ओढ्याच्या वाटेवर दोरी, आणि काकांच्या हातची पाटी... "टाचण्या आहेत. आत जाऊ नये."

"मशीनने टाचण्या उडून कोणाच्या डोळ्यात गेल्या म्हणजे?" काका म्हणाले.

"काका, उडतात त्या... पण डोळ्यात नाही जात. चला, दाखवते." खरं कळल्यावर मशीन इकडे वळवतील, अशी धाकधूक होतीच.

काका कुरकुरत उकिडवे बसले. समोरच्याच पात्यावर एक टाचणी आली, केशरी तोंड आमच्याकडे करून. काका चष्मा सावरत आणखी पुढे वाकले.

"आणि डासांचं काय?" शेवटी विचारलं, पण अगदी हळू आवाजात.

"डास हाच तर यांचा खुराक. पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात."

परतताना मी पाटी काढायला हात घातला, तर म्हणाले, "राहू द्या. खोटं काय लिहिलंय त्यात?"

गवत अजून उभं आहे. काल दुपारी गेले, तर दोरीच्या आत काका आधीच उकिडवे बसलेले... स्वतःचीच पाटी ओलांडून! थँक्यू काका, आता ओढ्यावर मला कंपनी आहे.