हवा नालायक आहे

रोज सकाळी दूधवाला यायच्या आधी आमच्या पार्किंगमध्ये एक माणूस मोटरसायकलवरचं कव्हर अर्धं उचलायचा, आभाळाकडे बघायचा, "हवा नालायक आहे" म्हणायचा आणि कव्हर पुन्हा खाली ओढायचा. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

तो तळमजल्यावर राहायचा, मी बरोबर त्याच्या डोक्यावर. इंजिन झोपू नये म्हणून दर रविवारी तो गाडी सुरू करून ठेवायचा आणि सगळा धूर माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी वरून पाणी ओतलेलं आहे. झाडांना घालताना चुकून सांडलं, असं सांगितलं. खिडकीत एकही झाड नव्हतं.

"आजी, अजून एक तांब्या ओता," तो खालून ओरडला. "गाडी धुवायचीच होती."

मला पहिल्यांदा आजी म्हणणारा माणूस हाच. तेव्हा मी साठीची, म्हणजे अगदी पोरच. केसांना काळा रंग लावायचे आणि आरशात बघून स्वतःवर खूश व्हायचे. हा माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल, त्याच्या मिशा पिकलेल्या, आणि मी आजी! मी त्याला 'ओ फटफटीवाले' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

त्याला लडाखला जायचं होतं. एकट्याने, नाशिकपासून रस्त्यानेच. "आग्रा रोड आपल्या दारातून जातो," तो म्हणायचा. "तो धरायचा आणि वर चढत राहायचं."

"मग जा की. अडवलंय कोणी?"

"हवेने. मेमध्ये निघालो तर माळव्यात भाजून मरेन. जुलैमध्ये हिमाचलात दरडी. ऑक्टोबर संपता संपता वर बर्फ. महिना एकच, सप्टेंबर. पाऊस परतीला लागलेला, वरचे रस्ते कोरडे, आभाळ धुतलेलं."

"मग सप्टेंबरात जा."

मी जणू त्याला तान्हं मूल एसटी स्टँडवर ठेवून जायला सांगितलं, अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. "सप्टेंबरात माझी छाटणी असते."

नाशिककरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग होती. पाऊस ओसरला की द्राक्षाची मोठी छाटणी होते आणि पुढचं सगळं पीक त्या कात्रीवर ठरतं. त्या दिवसांत बागवाला सख्ख्या भावाच्या लग्नालाही उभ्याउभ्या जाऊन येतो. सुरगाण्याहून मजुरांची जीप यायची, माणसं कामात तरबेज, तरी हा प्रत्येक वेलीमागे उभा. म्हणजे फटफटीला हवा असलेला महिना आणि बागेला हवा असलेला महिना एकच. वर्षानुवर्षं बाग जिंकायची आणि हा हवेला शिव्या द्यायचा.

"गुडघे वाजायला लागलेत," एकदा जिन्यात म्हणाला. "आणखी थोडी वर्षं. मग टांग टाकता येणार नाही."

"चांगलंय. धूर तरी थांबेल," मी म्हटलं.

आता माझं सांगते, म्हणजे मी कोण शहाणी होते ते कळेल. हवेतलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी खात्री होती. अख्खी सोसायटी पापड घालायच्या आधी मला विचारायची आणि मी गच्चीवर जाऊन, पदर खोचून, एखाद्या वेधशाळेसारखी मान हलवायचे. एका एप्रिलमध्ये मी कुरडयांचा चीक शिजवून गच्चीवर निघाले, तर हा जिन्यात आडवा.

"आज घालू नका. वणीकडचं आभाळ बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या फटफटीला विचारून कुरडया घालायच्या का आता?" आणि हट्टाने दोन खाटा भरून घातल्या. दुपारी वारा सुटला, धुळीचे लोट आले, पाठोपाठ टपोरे थेंब. मी साडी सावरत गच्चीवर पोचेपर्यंत हा तिथे हजर होता, मोटरसायकलचं कव्हर एका खाटेवर ताणून धरून. दुसऱ्या खाटेची खीर झाली.

"आभाळ वाचता येत नाही तर चीक शिजवता कशाला?" भिजलेल्या मिशांतून तो गुरगुरला.

मी आभार मानले नाहीत. वाचलेल्या कुरडयांना ग्रीसचा वास लागला होता. त्या मी वर्षभर नावडत्या पाहुण्यांना तळून घातल्या. आमचं वैर त्या दिवशी पक्कं झालं. वैर म्हटलं की रोज बोलणं आलंच.

मग ती गारपीट झाली. त्याची द्राक्षं काढणीला आली होती, व्यापारी बाग बघून गेला होता. आदल्या दोन्ही वर्षी अवकाळी पावसाने घड तडकले होते, हे तिसरं वर्ष. मी गॅलरीत गारा वेचत होते. या वयातही हात जातोच. खाली बघितलं तर हा पार्किंगच्या बाहेर, उघड्यावर उभा. डोक्यावर गारा पडतायत आणि तो आभाळाकडे बघतोय. आता शिवी देईल, मग देईल, म्हणून मी वाट बघितली. त्याने दिली नाही. मी ओंजळीतल्या गारा टाकून दिल्या.

उन्हाळ्यात त्याने बाग काढली. वेली मुळासकट उपटल्या. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा टेम्पोत भरून भंगारात गेल्या.

"बरं झालं," मी जिन्यात म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. "आता सप्टेंबर मोकळा."

"जाणारच आहे. तुमची परवानगी नकोय."

आणि गेला. निघायच्या सकाळी सामान बांधून हेल्मेट चढवलं, तेवढ्यात फोन वाजला. हेल्मेट काढायचा कंटाळा, म्हणून त्याने स्पीकर लावला. सुरगाण्याचा मुकादम होता.

"शेठ, जीप कवा धाडू? मानसं तयार हायेत."

"यंदा नको."

"मंग कवा?"

"नको म्हटलं ना!" त्याने फोन खिशात कोंबला.

मी त्याच्या हातावर दही घातलं नाही. जपून जा, असंही म्हटलं नाही. विचारलं, "हे कव्हर कुठे ठेवू?"

"तुमच्या कुरडयांवर घाला," म्हणाला, टांग टाकली, धूर सोडला आणि आग्रा रोडकडे वळला.

दिवाळीनंतर तो परतला तो घर आवरण्यापुरताच. आता मुलीकडे पुण्याला असतो आणि पार्किंगमधली ती जागा रिकामी असते. पण मला तो आठवतो तो त्या प्रवासातल्या एका फोनमुळे.

"पोचलो," तो म्हणाला.

"हवा कशी आहे?"

"चांगली आहे." तक्रार केल्यासारखं म्हणाला. हवेला चांगलं म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "आभाळ इतकं निळं की खोटं वाटतं."

मागे नुसता वारा ऐकू येत होता.

"तिकडे?" त्याने विचारलं. "रात्री पाऊस पडला का? सकाळी दव असतं?"

छाटलेल्या वेलीला पाऊस सोसत नाही, दव चालत नाही. हा प्रश्न बागेचा होता, आणि बाग तर नव्हती. 'तुम्हाला काय करायचंय?' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. छाटणीला मागून मिळणार नाही असा दिवस. कोपऱ्यावरून मजुरांनी भरलेली एक जीप दिंडोरीकडे गेली.

"हवा नालायक आहे," मी म्हटलं. "इतक्यात येऊ नका."

"बरं, आजी," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. समोर दोरीवर त्याचं कव्हर घातलं होतं, उन्हात खडखडीत वाळलेलं.